चौदा वेळा ‘हो’

हे सांगायचं मी पंचवीसहून जास्त वर्षं टाळलं. बायको होती तेव्हा तिला सांगता आलं असतं. पण ती ऐकून गप्प बसणारी नव्हती, ‘मग आता काय करणार आहात?’ असं विचारणारी होती, म्हणून तिला सांगितलं नाही. मुलांना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मनात मी कोण आहे ते मला ठाऊक आहे, आणि — लपवत नाही — ते मला आवडतं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तर नव्हे? असेल. भित्रा माणूस कबुली देतानासुद्धा बिनधोक श्रोता शोधतो.

गेल्या महिन्यात पालघरला एका शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. निवेदन करणारी मुलगी कागदावरून वाचत होती की, ज्या काळात शहरातसुद्धा लोक संगणकाला घाबरत, त्या काळात बोईसरमध्ये मराठीतून चालणारी, सर्वांसाठी खुली संगणकप्रणाली तयार करणारे द्रष्टे शिक्षक... मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, विनय. विनय! मला तो नारळ उचलून भिंतीवर आपटावासा वाटत होता. आपटला नाही. घरी आणला, सुनेनं त्याची चटणी केली आणि मी ती दोनदा मागून घेतली. असा मी.

ती प्रणाली मी तयार केलेली नाही. तिच्यातली एक ओळही माझी नाही.

हे एक वाक्य लिहिलं की संपलं, असं मला वाटत होतं. नाही संपलं. हा गुन्ह्याचा फक्त उंबरठा आहे. आत अजून दोन खोल्या आहेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बोईसरला स्टेशनापासून जवळच, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. मुलं सालवड, पाम अशा आसपासच्या गावांतली, कारखान्यांतल्या कामगारांची. निम्मी आपसात हिंदी बोलायची. वीज आमच्या शेजारी, तारापूरच्या अणुकेंद्रात तयार होत असे आणि रोज दुपारी आमचीच जात असे. माझ्याकडे नऊ कॉम्प्युटर होते, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं भंगारात काढलेले. बाजारात येणारी नवी प्रणाली त्यांच्यावर चालायची नाही. हळूहळू माझा क्लास म्हणजे म्हाताऱ्या यंत्रांचा गोठा झाला होता.

तिथे जयवंती आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली, बारावी झालेली. आधी टायपिंग शिकायला आली, सहा महिन्यांत मलाच शिकवू लागली. तिची आई, हिरूबाई, बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, माझ्या क्लासपासून दोनशे पावलांवर. मी मासे घ्यायला गेलो की मोठ्यानं विचारायची, “काय वो मास्तर, आमची पोर दुपारभर तुमच्या त्या पेटीत तोंड घालून काय करते? पेटी उबवते काय? पिल्लं कदी निगनार?” सगळ्या कोळणी हसायच्या. मीही हसायचो.

पेटीत ती काय करत होती ते सांगतो. स्टेशनवरच्या स्टॉलवर तिनं एक कॉम्प्युटरचं मासिक घेतलं. त्याच्यासोबत एक तबकडी फुकट होती. त्या तबकडीत परदेशातल्या अनेक लोकांनी मिळून लिहिलेल्या एका खुल्या प्रणालीचा गाभा होता. ‘खुली’ म्हणजे नुसती फुकट नव्हे. तिचं आतलं लिखाण कुणीही उघडून वाचावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं आणि पुढे दुसऱ्याला द्यावं. अट एवढीच की ज्यानं जे लिहिलं त्याचं नाव त्यातून पुसायचं नाही. ती अट जयवंतीनंच मला शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून दाखवली होती. वाचून म्हणाली होती, “सर, बगा ना, किती सोपं हाय. सगळं न्या, फक्त मानसाला इसरू नका.”

हे ती कशासाठी करत होती? रविवारी ती मासवणकडच्या एका आश्रमशाळेत जायची. तिथे आम्ही दिलेला एक कॉम्प्युटर होता. मुलींनी काही चुकीचं टाइप केलं की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटायचं आणि मुली हात मागे घ्यायच्या. त्यांना वाटायचं, यंत्र रागावलं. एक मुलगी तर पुन्हा त्याच्यासमोर बसेना. जयवंती मला तावातावानं सांगत होती, “आदीच त्यांना सगळी दुनिया ओरडते सर, आता पेटी पन ओरडनार काय?”

मग दीड वर्षं ती बसली. एकेक मराठी अक्षर तिनं चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं. यंत्राचा प्रत्येक निरोप मराठीत लिहिला. चूक झाली की तिचं यंत्र म्हणायचं — ‘हे कळलं नाय. परत लिवा.’ सगळं मिळून सहा फ्लॉपींवर मावत होतं आणि माझ्या भंगारातल्या नऊच्या नऊ यंत्रांवर पळत होतं. तिनं त्याला नाव ठेवलं ‘वल्हं’.

मी काय केलं? मी शुद्धलेखन तपासलं. ‘हे कळलं नाय’ काढून ‘आज्ञा अवैध’ घातलं. आज्ञा अवैध! मासवणच्या त्या पोरीला आता इंग्रजीऐवजी संस्कृतातून दटावणी. ‘वल्हं’ नको म्हणालो, ‘संगणक-सारथी’ ठेवलं. जयवंती म्हणाली, “ठेवा सर. पेटीला काय, कायपन म्हना.” प्रणालीचं नाव बदलायला त्या अटींत परवानगी होतीच.

आणि मग मला लोकार्पण सोहळ्याची हौस आली.

पालघरला सभागृह ठरलं. एक सरकारी अधिकारी, कारखानदारांचे एक पुढारी, दोन मुख्याध्यापक, वर्तमानपत्राचा एक बातमीदार. निमंत्रणपत्रिका छापताना माझा हात अडला — ‘निर्मिती’ या शब्दापुढे काय लिहायचं? तिचं नाव लिहायचं? बारावी पास, मासळीवालीची मुलगी, ‘हाय-नाय’ बोलणारी? तिला माइकवर बोलावं लागलं तर? तुम्हाला वाटेल मी कुणाच्या तरी दडपणाखाली होतो. नव्हतो. कुणीही मला काही सुचवलं नाही. मला तिच्या कामाचा हेवा होता आणि तिच्या बोलण्याची लाज होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच छातीत आरामात राहत होत्या. मी लिहिलं — ‘निर्मिती : आमची संस्था’.

पण पत्रिकेवर लिहून भागत नव्हतं. फ्लॉपींच्या आत तिचं नाव होतं. त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, डोक्यावर एक ओळ — ‘लिहिणार : जयवंती’. आणि त्या फ्लॉपी मी पाहुण्यांना वाटणार होतो. उद्या कुणी उघडून पाहिलं तर?

सोहळा रविवारी होता. म्हणून त्या आठवड्यात जयवंती मासवणला शनिवारी गेली. दुपारी क्लासमध्ये मी एकटाच होतो. तिनंच लिहिलेलं एक साधन होतं, कुठलाही शब्द सगळीकडे शोधून त्या-त्या ओळी काढून टाकणारं. ते कसं वापरायचं ते तिनंच मला शिकवलं होतं. मी तिचं नाव टाइप केलं. यंत्रानं पहिली ओळ दाखवली आणि विचारलं — ‘ही ओळ काढायची? हो / नाही’. तिच्या अक्षरांत. तिनं ठिपक्यांनी काढलेल्या अक्षरांत ते यंत्र मला विचारत होतं, की हिचं नाव काढू का? मी लिहिलं, हो.

चौदा ठिकाणी नाव होतं. चौदा वेळा यंत्रानं विचारलं. एकदा चुकून होतं, हात घसरतो, डोकं फिरतं. पण चौदा वेळा? पहिल्या दोन-तीनदा मी ओळ वाचली. नंतर वाचणंही सोडलं. हो, हो, हो. मग नव्या फ्लॉपी भरल्या, चिकटपट्ट्या लावल्या, चहा मागवला. छपाईयंत्र आधीच टेंपोनं पालघरला गेलं होतं, त्यामुळे छापून काही पाहिलं नाही.

ही पहिली खोली. सांगितली.

सोहळ्यात मी वीस मिनिटं भाषण केलं. जयवंती व्यासपीठाच्या खाली, यंत्राच्या तारांजवळ बसली होती — काही अडलं तर असावी म्हणून. पाहुण्यांच्या हातून मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या, टाळ्या झाल्या. मग ‘आता हे छापू या’ म्हणून मी कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. पडद्यावर उमटलं — ‘आज्ञा अवैध’.

सभागृह हसलं. कारखानदारांचे पुढारी शेजाऱ्याला म्हणाले, “सारथी रथ सोडून पळाला वाटतं.” आणि मी — काय केलं असेल? मी खाली पाहिलं. तिच्याकडे.

ती वर आली. लोकांकडे पाठ करून बसली. छपाईचा कार्यक्रम उघडला. मी तिच्या मागेच उभा होतो, म्हणून पडदा मला दिसत होता. डोक्यावरची ओळ नव्हती. ती थांबली. खाली-खाली गेली, मधोमध आली. तिथे पूर्वी एक ओळ असायची, जिच्यासाठी ती आठ दिवस झगडली होती. वेलांटी कागदावर जागेवर पडत नसे. ती सुटली त्या दिवशी हौसेनं तिनं त्या ओळीच्याच शेपटीला आपलं नाव लिहून ठेवलं होतं. मी ‘हो’ म्हटलं तेव्हा नावाबरोबर ती अख्खी ओळ गेली होती.

तिला सगळं कळलं. तिथेच, दीडशे लोकांकडे पाठ करून. मी तिची फक्त मान पाहत होतो. मान हलली नाही. तिनं दुसरा एक कार्यक्रम उघडला, मग तिसरा. वरची ओळ कुठेच नव्हती. मग पहिला परत उघडला आणि ती गेलेली ओळ तोंडपाठ टाइप केली. शेपटीला नाव लिहिलं नाही. कळ दाबली. छपाईयंत्र करकरू लागलं.

पुन्हा टाळ्या. सरकारी पाहुणे खुश झाले. त्यांनी माइकजवळच मला विचारलं, “अरे वा! ही कोण?”

ऐकताय ना? दुरुस्त करायची संधी अशी ताटात वाढून पुढे आली होती. काही शोधायचं नव्हतं, धाडसही फार लागत नव्हतं, कारण प्रश्न प्रेमानं विचारला होता. माइक हातात होता. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, “आमच्याकडे टायपिंगला असते.”

ती व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली गेली आणि आपल्या जागेवर बसली. आभारप्रदर्शनात मी हार्डवेअरच्या दुकानदाराचे आभार मानले. मांडववाल्याचेही मानले.

सोमवारी सकाळी ती क्लासची किल्ली द्यायला आली. मी आधीच तयारी करून बसलो होतो — संस्थेचं हित, व्यक्तीपेक्षा कार्य मोठं, असलं काहीतरी. तिनं मधेच तोडलं.

“संस्था कोन सर? तुमी, मी नि नऊ मशिनी. मशिनींची नावं तरी ठेवलीत ना?”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

ती म्हणाली, “चोरायला त्यात काय नव्हतंच. सगळं उगडंच ठेवलं होतं, न्या म्हनून. एकच वस्तू नेऊ नका म्हनून लिवलं होतं. तीच नेलीत.”

किल्ली टेबलावर ठेवून गेली. पुढे वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्याचं कानावर आलं. बाजारात हिरूबाई मला पाहून हसेनाशी झाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, “मास्तर, तुमच्यासाटी नाय मावरं. पुडं जावा.” टोपलीत पापलेटं चमकत होती. मी पुढे गेलो. त्या दिवसापासून मासे घ्यायचे तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला.

इथवरचं तीन माणसांना माहीत होतं — ती, तिची आई आणि मी. दुसरी खोली फक्त मला माहीत आहे.

सोहळ्यानंतर तीन-चार महिन्यांनी क्लासच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. पुण्याहून. वर लिहिलं होतं — जयवंती, आणि खाली आमचा पत्ता. मी ते उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला चौथीत शिकवलेलं होतं. उघडलं.

मासवणच्या आश्रमशाळेतल्या यंत्रावर जयवंतीनं आधीच, माझ्या शुद्धलेखनाच्या आणि ‘हो’च्याही आधी, आपल्या सहा फ्लॉपी चढवून तिथेच ठेवलेल्या होत्या. तिथल्या एका शिक्षकानं त्या सुट्टीत पुण्याला आपल्या मित्राला नेऊन दिल्या. तो मित्र आणि आणखी काहीजण खुल्या प्रणालीत मराठी आणायच्या खटपटीत होते. वेलांटीपाशी तेही अडले होते. त्यांनी फ्लॉपी उघडल्या, आत ‘वल्हं’ सापडलं, ‘हे कळलं नाय, परत लिवा’ सापडलं, आणि चौदा ठिकाणी तिचं नाव. दोन पानी पत्र होतं. तुम्ही हे कसं सोडवलंत, कुठे शिकलात, आमच्याबरोबर काम कराल का — पगार देऊ, राहायची सोय करू, घरच्यांशी बोलायला आम्ही येऊ. शेवटी एक वाक्य होतं, की तुमच्या यंत्राचं बोलणं वाचून आम्ही सगळे हसलो आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

ज्या बोलण्याची मला लाज वाटली होती, त्याच्यावर ती माणसं जीव टाकत होती.

मी काय करायला हवं होतं? काही नाही. जिना उतरायचा, दोनशे पावलं चालायचं, पाकीट हिरूबाईच्या टोपलीशेजारी ठेवायचं. शिव्या दिल्या असत्या तिनं, तर खायच्या. बस्स. दोनशे पावलं!

मी पत्र आठ दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. ती पुण्याला गेली तर सगळं बाहेर येईल, हे एकच डोक्यात. बातमीदारानं लिहिलेलं माझं कौतुक, मुख्याध्यापकांचे नमस्कार, क्लासला नव्यानं आलेली गर्दी. आठव्या दिवशी मी संस्थेच्या कागदावर उत्तर लिहिलं — सदर व्यक्ती आता आमच्याकडे काम करीत नाही, तिचा सध्याचा पत्ता उपलब्ध नाही. सही केली, शिक्का मारला. त्यांचं पत्र फाडलं. चार तुकडे, मग आठ. पुण्याहून पुन्हा काही आलं नाही. शिक्का मारलेल्या कागदावर कोण शंका घेतो?

मला राग येतो. त्या सभागृहातल्या लोकांचा येतो — छपाईयंत्र कुणी चालू केलं ते डोळ्यांनी पाहून त्यांनी टाळ्या मात्र मला वाजवल्या. सत्कार करणाऱ्यांचा येतो — एकानंही कधी विचारलं नाही की सर, ती अक्षरं तुम्ही कशी काढलीत? विचारलं असतं तर मला दोन वाक्यं सांगता आली नसती. पण हे राग मी जपून ठेवलेत तेही सोयीपुरते. मी त्यांच्यावर ओरडत असतो, तेवढा वेळ माझ्यावर कुणी ओरडत नाही. म्हणून तेही आता बंद. ज्यांनी चौदा वेळा ‘हो’ लिहिलं, शिक्का मारला, कागद फाडला, ते हात माझेच. बाकी कुणाचा यात बोटाइतकाही वाटा नाही.

एकदा मी तिच्या घरी गेलो होतो. पत्र फाडल्याला वर्ष झालं असेल. एसटीत बसल्यापासून दोन वाक्यं घोकत होतो — तुझं नाव मी काढलं, त्याची माफी मागतो. तुझं एक पत्र आलं होतं, ते मी फाडलं, त्याचीही मागतो. इतकंच बोलायचं, बसायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

ती अंगणात होती. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, ती वाळलेले काढून टोपलीत टाकत होती. कारखान्यातली पॅकिंगची पाळी रात्रीची होती, म्हणून दिवसा घरी. मला पाहून दचकली नाही. “या सर,” म्हणाली. खुर्ची आणली. पाणी दिलं. मी बसलो, पाणी प्यायलो.

काम करता-करता तिनंच विचारलं, “सर, आपलं ते वल्हं... कोनी पुडं नेलं काय वो? कोनी नवीन काय लिवलं त्याच्यात?”

‘आपलं’ म्हणाली. माझ्यासमोर, ‘आपलं’.

मी म्हणालो, “नाही गं. कुणीच नाही.”

तिनं मान हलवली. “वाटलंच मला,” म्हणाली. “आमच्यासारख्यांचं कोन वाचतंय.” आणि वर्तमानपत्राच्या कागदात मूठभर बोंबील बांधून माझ्या हातात दिले. आता बोल, मी स्वतःला म्हणालो. ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. वाक्यं जिभेवर होती, पाठ होती, क्रमानं होती. मी तोंड उघडलं.

“बोंबील छान वाळलेत,” मी म्हणालो.